‘बाई, परत लावा ना!’ : बुडत्या युद्धनौकेची चित्रफीत वर्गात दाखवावी का?



गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात माझ्याकडून एक चूक झाली. आधी ती सांगते, मग मुद्द्यावर येते.

‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हे प्रकरण चालू होतं. तास संपायला दहा मिनिटं उरली होती आणि प्रोजेक्टर लावलेलाच होता. म्हटलं, वर्तमानपत्र, आकाशवाणी, दूरदर्शन हे सगळं पुस्तकात वाचून झालंय, आता मुलांना एक खराखुरा जुना वृत्तपट दाखवू. दुसऱ्या महायुद्धातली ‘बारहॅम’ नावाची ब्रिटिश युद्धनौका बुडतानाची चित्रफीत मी लावली. दोनेक मिनिटांचीच आहे. भलं मोठं जहाज एका कुशीवर कलत जातं, आडवं होतं आणि मग एकदम असा स्फोट होतो की पडदाभर काळा धूर.

मागच्या बाकांवरून आवाज आला, “भारीऽऽ!” दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. “बाई, परत लावा ना! स्लो करून लावा!” आणि मी परत लावली. हो, लावली. वर्ग पहिल्यांदाच इतका जागा झालेला बघून मलाही बरं वाटलं होतं.

दुसऱ्यांदा चालू असताना दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “बाई, त्या जहाजाच्या कडेवर मुंग्यांसारखं काय हलतंय?”

मी म्हटलं, “माणसं आहेत ती.”

वर्ग गप्प झाला आणि तेवढ्यात घंटा झाली. मी वायर गुंडाळून शिक्षक-खोलीत निघून गेले. दोन दिवसांनी त्या मुलीच्या आईचा फोन आला. “बाई, ती सारखी बाबांना फोन लाव म्हणतेय. शाळेत काय दाखवलंत?” तिचे वडील तेलवाहू जहाजावर नोकरीला आहेत. आमच्या कोकणात दर वर्गात असं एखादं तरी मूल असतं, ज्याच्या घरचं माणूस बोटीवर असतं. हे मला माहीत होतं, फक्त त्या दहा मिनिटांत आठवलं नाही.

शिक्षक-खोलीत यावर चर्चा झाली. बहुतेकांचं म्हणणं, “कशाला या भानगडीत पडायचं? परीक्षेला येत नाही, वर पालकांचे फोन.” एका सहकाऱ्याचं म्हणणं अगदी उलट, “मुलं मोबाईलवर याहून भयंकर बघतात, त्यात काय एवढं!” दोन्ही बाजू मी वर्षभर डोक्यात घोळवल्या. आज माझं मत असं आहे : ही चित्रफीत दाखवावी, पण मी दाखवली तशी नाही. का, ते सांगायचं तर आधी त्या जहाजाची गोष्ट सांगावी लागेल. ती मला स्वतःलाही तेव्हा नीट माहीत नव्हती आणि खरी चूक तीच होती.

त्या दुपारी काय झालं?

‘बारहॅम’ ही ब्रिटनच्या क्वीन एलिझाबेथ वर्गातली युद्धनौका. पंधरा इंच व्यासाच्या आठ तोफा. पहिल्या महायुद्धात १९१६ साली जटलंडच्या मोठ्या समुद्री लढाईत ती लढली होती. म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ती तशी म्हातारीच होती, पण कामात होती.

२४ नोव्हेंबर १९४१ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरातून ब्रिटिश ताफा निघाला. ‘क्वीन एलिझाबेथ’, ‘बारहॅम’ आणि ‘व्हॅलियंट’ अशा तीन युद्धनौका आणि त्यांच्याभोवती आठ विनाशिका. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या जर्मन-इटालियन सैन्याला समुद्रातून रसद जात होती, ती तोडायला निघालेल्या क्रूझरना पाठबळ द्यायचं, हे काम होतं.

दुसऱ्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, ‘यू-३३१’ ही जर्मन पाणबुडी विनाशिकांच्या कड्यातून आत शिरली. एका विनाशिकेच्या यंत्रावर खूण उमटलीही होती, पण ती पाणबुडी नसावी असं समजून सोडून दिली गेली. पाणबुडीचा कप्तान हान्स-डिट्रिश फॉन टीझेनहाउझेन याने चारशे मीटरच्याही आतून चार टॉर्पेडो सोडले. चारांतले तीन ‘बारहॅम’च्या डाव्या अंगाला लागले. तेव्हा दुपारचे साधारण साडेचार झाले होते.

जहाज लगेच डावीकडे कलायला लागलं. चारेक मिनिटांत ते पार आडवं झालं आणि पोटातल्या दारूगोळ्याच्या कोठारांचा स्फोट झाला. चौकशीत पुढे असा निष्कर्ष निघाला की आधी लहान तोफांच्या दारूगोळ्याने पेट घेतला आणि त्याने मोठ्या तोफांची कोठारं उडवली.

८६२ माणसं गेली. कप्तान जेफ्री कुक जहाजाबरोबरच गेले. चारशेहून अधिक जणांना विनाशिकांनी पाण्यातून उचललं, त्यात व्हाइस अ‍ॅडमिरल प्रिडहॅम-विपेल हेही होते.

चार मिनिटं म्हणजे किती? आपल्याकडे मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरची पोरं मैदानात यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. आणि जहाजाच्या तळाशी, इंजिन-खोलीत असलेल्यांना जिने चढून यायचं होतं. तेही जहाज आडवं होत असताना, म्हणजे जिना जिन्यासारखा राहिलेला नसताना.

कॅमेरा कुणाच्या हातात होता?

वर्गात हा प्रश्न मी विचारलाच नव्हता, आणि कुठलीही चित्रफीत बघताना पहिला प्रश्न हाच असायला हवा.

कॅमेरा होता जॉन टर्नर यांच्या हातात. ते ‘गोमाँ ब्रिटिश न्यूज’ या वृत्तपट कंपनीचे कॅमेरामन. टीव्ही घरोघर नव्हता तेव्हा थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी बातम्यांचे छोटे वृत्तपट दाखवत, त्या कामासाठी ते ताफ्याबरोबर होते. उभे होते शेजारच्या ‘व्हॅलियंट’ या जहाजावर.

म्हणजे चित्रफितीत आपण जे बघतो ते शेजारच्या जहाजावरून दिसलेलं आहे. त्यात ‘बारहॅम’च्या आतलं काही नाही, आरडाओरडा नाही, कुणाचा चेहरा नाही. माणसं मुंग्यांएवढी दिसतात ती कॅमेरा लांब होता म्हणून. मुलांनी “भारी” म्हटलं ते निर्दयपणाने नव्हे. त्यांना चित्रात माणूस दिसलाच नाही, धूर दिसला. अंतराने माणसाचं काय होतं, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एक. टर्नर त्या वेळी मदतीला का धावले नाहीत, कॅमेरा का धरून बसले, असं मुलं विचारतात. विचारू द्या. अपघात झाला की आज आपण आधी मोबाईल काढतो, की हात देतो? मात्र दोन गोष्टींतला फरकही दाखवून द्या. टर्नर दुसऱ्या जहाजावर होते, मधे समुद्र होता, आणि चित्रीकरण हीच त्यांची नेमणूक होती. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या हातभर अंतरावर उभं राहून रेकॉर्डिंग करणारा आणि टर्नर यांची बरोबरी होत नाही. मुलांना हा फरक बरोबर कळतो, आपण फक्त विचारायला हवं.

दोन महिने लपवलेली बातमी

ही चित्रफीत लगेच थिएटरात दाखवली गेली असेल असं मुलांना वाटतं. तसं झालं नाही. उलट जहाज बुडाल्याची बातमीच ब्रिटिश नौदलाने दाबून ठेवली.

कारण साधं होतं. टॉर्पेडो सोडल्यावर पाणबुडी क्षणभर पाण्यावर आली होती. ‘व्हॅलियंट’ तिच्यावर चाल करून गेली, पण पाणबुडी निसटली आणि खूप खोल गेली. त्यामुळे आपला नेम लागला एवढंच जर्मनांना कळलं, जहाज बुडालं की नुसतं जायबंदी झालं ते कळलं नाही. शत्रूला जे माहीत नाही ते आपण होऊन कशाला सांगा? भूमध्य समुद्रात ब्रिटनचे दिवस वाईट चालले होते. त्याच महिन्यात ‘आर्क रॉयल’ ही विमानवाहू नौका गेली होती. पुढच्या महिन्यात इटालियन पाणबुड्यांनी... नाही, पाणबुड्या नव्हेत, टॉर्पेडोवर बसून आलेल्या इटालियन पाणबुड्या सैनिकांनी अलेक्झांड्रिया बंदरात घुसून ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलियंट’ दोन्ही निकामी केल्या. म्हणजे त्या दिवशी निघालेल्या तिन्ही युद्धनौका महिन्याभरात लढाईतून बाद झाल्या.

पण घरच्यांचं काय? त्यांना पत्रं गेली. त्या पत्रांत माणूस गेल्याचं कळवलं होतं आणि सोबत विनंती होती, की अधिकृत घोषणा होईपर्यंत हे जवळच्यांखेरीज कुणाला सांगू नका, शत्रूच्या कानी जाता कामा नये. मधे नाताळ येऊन गेला. घोषणा झाली २७ जानेवारी १९४२ ला. दोन महिने!

आपल्या घरातलं माणूस गेलंय आणि शेजारणीला सांगायचं नाही. भाजी घेताना भेटली आणि “मुलाचं पत्र आलं का?” असं तिने विचारलं, तर काय उत्तर द्यायचं? युद्ध म्हणजे तोफा आणि तारखा असं मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. ते हलवायचं असेल तर माझ्या मते चित्रफितीपेक्षा हे पत्र जास्त उपयोगी आहे.

भुताने सांगितलेली बातमी

या गोष्टीला एक विचित्र फाटा आहे आणि तो मुलांना हमखास आवडतो. त्याच नोव्हेंबरमध्ये पोर्ट्समथ या नौदलाच्या शहरात हेलन डंकन नावाच्या बाईने मृतात्म्यांशी बोलण्याची बैठक घेतली. तिथे ‘बारहॅम’वरच्या एका मृत नाविकाचा आत्मा आला, असं तिने सांगितलं. बातमी तर गुप्त होती. मग हिला कळलं कसं?

पुढे जानेवारी १९४४ मध्ये तिला अटक झाली आणि लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात १७३५ सालच्या चेटूकविषयक कायद्याखाली तिच्यावर खटला चालला. नऊ महिन्यांची शिक्षा झाली. पंतप्रधान चर्चिलसुद्धा या जुनाट कायद्याच्या वापरावर वैतागले होते. १९५१ साली तो कायदा रद्द झाला. इंटरनेटवर तिला ‘शेवटची चेटकीण’ म्हणतात, ते चूक आहे. ती चेटकीण असल्याचा आरोप नव्हताच. आत्म्यांना बोलावता येतं असं भासवून लोकांना फसवलं, हा आरोप होता.

वर्गात हात वर होतात : “पण बाई, तिला खरंच कळलं होतं ना?” इथे उत्तर देण्याची घाई करू नका. मुलांनाच मोजायला सांगा, ही बातमी किती लोकांना ठाऊक असेल? चारशेहून अधिक वाचलेले नाविक. बाकीच्या दोन युद्धनौका आणि आठ विनाशिकांवरची हजारो माणसं. पत्र मिळत गेलं तशी आठशेहून जास्त घरं. आणि बैठक कुठे झाली? नौदलाच्या शहरात, जिथे गल्लोगल्ली नाविकांची घरं. अशा ठिकाणी कानोकान काय पोचत नाही? शिवाय या बाईला १९३३ साली एडिंबरोच्या न्यायालयात फसवणुकीबद्दल दंड झालेला होता. एवढं फळ्यावर लिहिलं की वर्गातलाच कुणीतरी म्हणतो, “म्हणजे आत्म्याची गरजच नाही.” आपल्याकडे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याबद्दल बोलायला यापेक्षा चांगली संधी कुठली?

एकसारखी चित्रं, वेगळी गोष्ट

‘बारहॅम’च्या आधीही एक युद्धनौका बुडताना कॅमेऱ्यात आली होती. ऑस्ट्रिया-हंगेरीची ‘सेंट इश्तवान’. १० जून १९१८ च्या पहाटे एड्रियाटिक समुद्रात लुइजी रिझ्झो या इटालियन अधिकाऱ्याच्या छोट्याशा मोटरबोटीने तिला टॉर्पेडो मारले. सोबतच्या ‘टेगेटहोफ’ या जहाजावरून तिचं बुडणं चित्रित झालं. तिथेही तेच दृश्य : कलणारं जहाज, कडेवर सरकणारी माणसं.

दोन्ही चित्रफिती शेजारी-शेजारी दाखवल्या तर मुलांना त्या सारख्याच वाटतात. पण ‘सेंट इश्तवान’ बुडायला काही तास लागले आणि तिच्यावरच्या हजारभर माणसांपैकी ८९ दगावली. ‘बारहॅम’ला चार-पाच मिनिटं मिळाली आणि ८६२ गेले. चित्रात हा फरक दिसत नाही. तो कळायला वाचावं लागतं. ‘डोळ्यांनी बघितलं’ म्हणजे ‘कळलं’ असं नव्हे. मोबाईलवर वाढलेल्या पिढीला हे एक वाक्य समजलं तरी माझा तास सत्कारणी लागला म्हणेन.

आणखी एक गोष्ट मला कळली तेव्हा मी थोडा वेळ काही वाचू शकले नाही. १९५६ साली उडत्या तबकड्यांवरचा एक अमेरिकन सिनेमा आला. त्यात परग्रहावरचे शत्रू एक जहाज उडवतात असा प्रसंग आहे. खर्च वाचवायला तिथे हीच ‘बारहॅम’ची फीत वापरली गेली. पंधरा वर्षं उलटायच्या आत त्या माणसांचं मरण सिनेमातली करामत झालं. थिएटरात कुणा आईने ते ओळखलं असेल का? आणि मग मला माझा वर्ग आठवला. “स्लो करून लावा” म्हणणारी मुलं आणि ते लावणारी मी, आम्ही तरी वेगळं काय केलं होतं?

हे आपल्याकडेही घडलंय

“हे सगळं परदेशातलं, आपला काय संबंध?” असं कुणी म्हणेल. संबंध आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या मालवाहू जहाजाचा स्फोट झाला. त्यात कापसाच्या गासड्या आणि शेकडो टन स्फोटकं एकाच वेळी भरलेली होती. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं मेली, आग विझवताना ६६ अग्निशामक जवान गेले. १४ एप्रिलपासून आपण अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो तो त्यांच्या स्मरणार्थ.

ती बातमीही दाबली गेली. बाहेरच्या जगाला ती आधी सांगितली जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, आणि इथल्या वार्ताहरांना बातमी पाठवायची परवानगी मिळाली मे महिन्यात. सुधीश घटक या भारतीय कॅमेरामनने त्या हाहाकाराचं चित्रीकरण केलं होतं, ते लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केलं. त्याचा काही भाग नंतर वृत्तपट म्हणून लोकांना दाखवला गेला. लंडनमध्ये हेलन डंकनला शिक्षा झाली आणि मुंबईत ही बातमी दाबली गेली, हे एकाच वसंतातलं.

आणि ज्याची चित्रफीतच नाही त्याचं काय? ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आपली ‘खुकरी’ ही फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. चित्रफीत नाही. म्हणून मुलांना ‘बारहॅम’ माहीत होते आणि ‘खुकरी’ होत नाही! कॅमेरा जिथे होता तेवढंच लक्षात ठेवायचं, असं झालं तर तो इतिहास कसला?

यंदा मी काय केलं

यंदा मी हाच पाठ दोन तासांत घेतला. क्रम असा होता :

१. चित्रफितीचं नावही काढलं नाही. नकाशावर अलेक्झांड्रिया दाखवलं, ताफा फळ्यावर काढला, काय घडलं ते सांगितलं. मग म्हटलं, “आपल्या शाळेचा पट साडेआठशेच्या घरात आहे. उद्या सकाळी प्रार्थनेला मैदानावर उभे राहाल तेव्हा एकदा मागे वळून बघा.”

२. पत्राबद्दल सांगितलं आणि लिहायला दिलं : तुमच्या घरी असं पत्र आलंय, कुणाला सांगायचं नाही. पुढचा एक दिवस कसा जाईल? पंधरा ओळी. एका मुलाने लिहिलं, ‘मी आजीला सांगितलं नसतं, पण आई जेवली नाही हे बघून तिला कळलंच असतं.’ हा तोच मुलगा, ज्याची एरवी वही कोरी असते.

३. ज्यांच्या घरचं कुणी जहाजावर किंवा सैन्यात आहे त्यांना आदल्या दिवशी बाजूला घेऊन विचारलं, “उद्या मी असं दाखवणार आहे. नको वाटलं तर वाचनालयात बसायचं, कुणी काही म्हणणार नाही.” दोघं होते. एक बसला, एक वाचनालयात गेली.

४. दुसऱ्या तासाला चित्रफीत एकदाच दाखवली, आवाज बंद करून. फिरणाऱ्या बऱ्याच प्रतींना कुणीतरी संगीत आणि धडामधुडूम जोडलेलं असतं, ते मूळचं नसतं. सुरू करण्याआधी एवढंच सांगितलं, “जहाजाच्या कडेवर जे हलतंय त्याच्याकडे बघा, धुराकडे नंतर.”

५. नंतर दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही, मीही नाही. मग प्रश्न : हे कुणी टिपलं? कुठे उभं राहून? कुणासाठी? कधी दाखवलं, कधी लपवलं? चित्रात काय नाही?

यंदाही एकाच्या तोंडून “भारी” निघालंच. मग त्याने स्वतःच जीभ चावली. त्याला मी रागावले नाही. त्याच्या डोळ्यांना ती सवय लावणारे आपणच आहोत.

पालकांना दोन शब्द

मुलं घरी युद्धाच्या क्लिप बघतात. आजच्या युद्धांच्यासुद्धा, गाणं लावलेल्या, खाली हसणारे चेहरे टाकलेल्या. मोबाईल काढून घेऊन हे थांबत नाही, मी घरी करून बघितलंय. शेजारी बसा आणि एकच विचारा, “यात माणसं कुठे आहेत?” त्याहून जास्त व्याख्यान द्यायची गरज नसते. आणि आठवीच्या खालच्या मुलांना मात्र असलं मुद्दाम दाखवू नका. ऐकलेली गोष्ट मूल आपल्याला पेलेल तेवढीच डोळ्यांसमोर आणतं, चित्र तसं थांबत नाही.

‘परीक्षेला येत नाही’ म्हणणाऱ्यांनाही सांगते. प्रसारमाध्यमातली माहिती पारखून घ्यावी, हे त्याच प्रकरणात लिहिलेलं आहे. मुलं ते पाठ करतात आणि दोन गुण मिळवतात. पारखायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कधीतरी करून दाखवायला नको का?

राहिली ती गेल्या वर्षीची मुलगी. निकालानंतर दाखला न्यायला आली तेव्हा मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “बाबा आले होते ना बाई मे महिन्यात. मी त्यांना तो व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, आम्हाला दर महिन्याला जहाज सोडायचा सराव करायला लावतात, तुला माहितीये का?” तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तो सराव कसा असतो, हे ती मला मग दहा मिनिटं हातवारे करून सांगत होती.

तुम्ही हा पाठ घेणार असाल तर चित्रफीत आधी घरी एकट्याने दोनदा बघा, दुसऱ्यांदा फक्त माणसांकडे. आणि वर्गात कुणाचे आईवडील काय करतात ती यादी एकदा नजरेखालून घाला.